अल्डिकार्बची प्लेट, आखडणारा कृमी आणि मायटोकॉन्ड्रियाचा प्रश्न

अल्डिकार्ब या कीटकनाशकाच्या प्लेटवर सोडलेला सूत्रकृमी सुरुवातीची काही मिनिटं नेहमीसारखाच नागमोडी चालतो. मग त्याची वळणं उथळ होतात. मागचा भाग ओढल्यासारखा फरफटतो, अंग आखूड दिसायला लागतं. पुढे डोकं तेवढं डावी-उजवीकडे हलतं, आणि थोड्या वेळाने तेही थांबतं. कृमी अजून जिवंत असतो, पण त्याचे सगळे स्नायू एकाच वेळी आवळलेले असतात.

असं होतं कारण अल्डिकार्ब अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतं. चेतापेशीने सोडलेलं अ‍ॅसिटिलकोलीन साफ करणारं कोणी उरत नाही. ते साचत जातं आणि स्नायूला सैल पडायला सवडच मिळत नाही. म्हणजे कृमी किती वेळात आखडतो हे बऱ्याच अंशी चेतापेशी किती वेगाने अ‍ॅसिटिलकोलीन सोडतेय यावर ठरतं. एक सूक्ष्मदर्शक, एक तार आणि एक घड्याळ एवढ्यावर सिनॅप्सचं, म्हणजे चेतापेशी जिथे पुढच्या पेशीला निरोप देते त्या सांध्याचं, काम मोजता येतं, म्हणून ही चाचणी आम्हाला इतकी जवळची आहे. मायटोकॉन्ड्रिया बिघडलेल्या कृमींवर ती करायला घेतली की मात्र जवळजवळ प्रत्येक पायरीला निष्कर्ष चुकायची सोय असते. इथे मुख्यतः त्या चुकायच्या जागा लिहिल्या आहेत.

आधी संबंध काय ते पाहू. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये ज्या कृमीची जनुकशास्त्रीय ओळख करून दिली, त्या सीनोरॅब्डायटिस एलेगन्सच्या उभयलिंगी प्रौढात ३०२ चेतापेशी असतात. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं वीजघर, हे शाळेतलं वाक्य सिनॅप्सपाशी अपुरं पडतं. अ‍ॅसिटिलकोलीन बनतं कोलीन आणि अ‍ॅसिटिल-कोए यांपासून, आणि त्यातला अ‍ॅसिटिलचा तुकडा मुख्यतः मायटोकॉन्ड्रियात पायरुव्हेटपासून तयार होतो. बनलेलं अ‍ॅसिटिलकोलीन पुटिकेत, म्हणजे चेतापेशीतल्या इवल्या पिशवीत, भरायला पुटिकेच्या आत प्रोटॉन साठवावे लागतात, तो पंप एटीपीवर, म्हणजे पेशीच्या इंधनावर, चालतो. पुटिका रिकामी झाल्यावर परत आत ओढून घ्यायलाही एटीपी लागतं. शिवाय मायटोकॉन्ड्रिया आत आलेलं कॅल्शियम शोषून घेतात, आणि त्यांच्यातून निघणारा हायड्रोजन पेरॉक्साइड संदेशासारखा वापरला जातो. काही चेतापेशींत तो न्यूरोपेप्टाइड या प्रथिनासारख्या संदेशरेणूंचा स्राव वाढवतो. थोडक्यात, मायटोकॉन्ड्रिया बिघडले की स्राव कमीच होईल असं आधीच धरून बसू नये. तो वाढूही शकतो.

या दोन गोष्टींची गाठ कशी पडली याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे रिक-७ हे जनुक. रिक हे नाव ‘रेझिस्टंट टु इन्हिबिटर्स ऑफ कोलिनेस्टरेज’ यावरून आलं, म्हणजे अल्डिकार्बसारख्या औषधाला दाद न देणारे. २०१२ मध्ये याचा संबंध न्यूरोपेप्टाइडच्या स्रावाशी जोडला गेला. मग २०१४ मध्ये दिसलं, की रिक-७ नसेल तर मायटोकॉन्ड्रिया चेतापेशीच्या मुख्य भागातच अडकून पडतात, अ‍ॅक्सॉनमध्ये, म्हणजे चेतापेशीच्या लांब तंतूत, उतरतच नाहीत, आणि अ‍ॅक्सॉन तोडला तर त्याचा पुढचा तुकडा झपाट्याने झिजतो. किनेसिन-१ ही मोटर मायटोकॉन्ड्रियाला जबरदस्तीने जोडून त्यांना अ‍ॅक्सॉनमध्ये ढकललं तेव्हा ही झीज टळली. आखडण्याच्या साध्या चाचणीत उशिरा थांबणारा म्युटंट, म्हणजे एखादं जनुक बिघडलेला कृमी, शेवटी मायटोकॉन्ड्रियाच्या वाहतुकीपर्यंत घेऊन जातो. म्हणूनच ही चाचणी नीट करणं महत्त्वाचं.

आता टेबलावर.

कृमी वाढवायचं माध्यम नेहमीचंच, एनजीएम. १ लिटरला ३ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम पेप्टोन, १७ ग्रॅम आगर आणि ९७५ मिलिलिटर पाणी. ऑटोक्लेव्हमधून काढून ५५ अंशांपर्यंत निवू द्यायचं. मग १ मोलर कॅल्शियम क्लोराइड १ मिलिलिटर, इथेनॉलमधलं ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं कोलेस्टेरॉल १ मिलिलिटर, १ मोलर मॅग्नेशियम सल्फेट १ मिलिलिटर आणि पीएच ६ चं १ मोलर पोटॅशियम फॉस्फेट २५ मिलिलिटर. प्रत्येक घटकानंतर बाटली ढवळायची. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकापाठोपाठ न ढवळता ओतले तर पांढरा साका बसतो, आणि त्या प्लेटवर कृमी शोधणं म्हणजे रांगोळीत राईचा दाणा शोधणं.

मुंबईत खरी अडचण पुढे येते. जून ते सप्टेंबर ओतलेल्या प्लेट वाळतच नाहीत. झाकणाला आतून थेंब धरतात, ते आगरावर पडतात आणि वर पाण्याचा पातळ थर राहतो. त्या थरात कृमी चालत नाही, पोहतो. आणि पोहणारा कृमी थांबला की आखडलाय, की नुसता तरंगतोय, हे कळत नाही. उलट बाजूने, एसी रात्रंदिवस चालू असलेल्या खोलीत प्लेट जास्त वाळल्या की औषधाची तीव्रता वाढते आणि कडेला आगर सुटून कृमी खाली शिरतात. यावर आम्ही अंदाज सोडून वजन धरलं. ओतल्यावर दहा प्लेटवर खूण करून त्यांचं वजन घ्यायचं, वाळताना रोज परत तोलायचं, आणि सगळ्या खेपांत साधारण सारखीच घट झाली की मगच त्या वापरायच्या. पावसाळ्यात याला दोन दिवस जास्त लागतात. वेळ जातो, पण जुलैचे आकडे जानेवारीच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात.

पावसाळ्यातली बुरशी हा वेगळा त्रास. बुरशी कृमीला थेट मारत नाही, पण त्याचं खाणं बदलते. खाणं बदललं की चयापचय बदलतो, आणि इथे तर मोजतोय चयापचयच. बुरशीची प्लेट चाचणीसाठी वापरायची नाही, मग कृमी कितीही टवटवीत दिसोत.

अल्डिकार्ब हे काही साधं रसायन नाही. भारतात या कीटकनाशकावर २००१ पासून बंदी आहे, आणि उंदरांमध्ये तोंडावाटे दर किलो वजनाला साधारण १ मिलिग्रॅम एवढ्यातच ते जीव घेतं. वजन फक्त फ्यूम हूडमध्ये करायचं. दुहेरी हातमोजे, मास्क, आणि हे काम एकट्याने कधीच करायचं नाही. १९० मिलिग्रॅम पावडर ७० टक्के इथेनॉलमध्ये विरघळवून १० मिलिलिटर केली की १०० मिलिमोलरचा साठा होतो. ५५ अंशांच्या खाली आलेल्या १०० मिलिलिटर माध्यमात यातला १ मिलिलिटर घातला की १ मिलिमोलर. ३५ मिलिमीटरच्या प्लेटला ३ ते ४ मिलिलिटर लागतं, म्हणजे एका खेपेत पंचवीस-तीस प्लेट होतात. तुलनेच्या, औषध नसलेल्या साध्या प्लेटमध्येही तेवढंच ७० टक्के इथेनॉल घालायला विसरू नका. वापरलेल्या प्लेट, टिप आणि हातमोजे वेगळ्या डब्यात, घातक कचरा म्हणून जातात. ऑटोक्लेव्हमध्ये टाकायचे नाहीत, तापून वाफा सुटतात.

तीव्रता ठरवताना डोकं लावावं लागतं. म्युटंट उशिरा आखडेल असं वाटत असेल तर १ मिलिमोलर ठीक. लवकर आखडेल अशी शंका असेल तर ०.५ वर उतरा. नाहीतर जनुकं शाबूत असलेला जंगली प्रकारही इतक्या झटपट आखडतो की फरक दिसायला जागाच उरत नाही.

मग कृमी कुठले आणि किती वयाचे. नेहमीचे म्युटंट म्हणजे गॅस-१, जो मायटोकॉन्ड्रियातल्या ऊर्जा बनवणाऱ्या श्वसनसाखळीच्या पहिल्या संकुलातला आहे आणि भूल देणाऱ्या वायूंना फार हळवा म्हणून ओळखला जातो. दुसऱ्या संकुलातला मेव्ह-१, तिसऱ्यातला आयएसपी-१, आणि त्या साखळीत इलेक्ट्रॉन वाहणारा रेणू युबिक्विनोन बनवण्याच्या वाटेवरचा क्लॉक-१. हे बहुतेक सगळे हळू वाढतात. जंगली एन-२ अंड्यातून प्रौढ व्हायला २० अंशांना साधारण तीन दिवस घेतो, आयएसपी-१ त्याहून कितीतरी जास्त. ‘अंडी एकाच दिवशी टाकली, चौथ्या दिवशी चाचणी केली’ असं लिहिलेली वही आम्ही ग्राह्य धरत नाही. त्यात एका बाजूला प्रौढ आणि दुसऱ्या बाजूला अळी असते. घड्याळाऐवजी अंगावरची खूण धरायची. चौथ्या अळी-अवस्थेत पोटाच्या मध्यावर चंद्रकोरीसारखा फिकट डाग दिसतो. तो दिसला की कृमी वेगळा काढायचा आणि तिथून २४ तास मोजायचे. म्हणजे एन-२ आणि आयएसपी-१ एकाच दिवशी चाचणीला यायचे असतील तर त्यांच्या आया वेगवेगळ्या दिवशी बसवाव्या लागतात. पंचांग आधी आखून ठेवा.

एकसारखी पिल्लं मिळवायला ब्लीचची पद्धत सगळेच वापरतात. ३.५ मिलिलिटर पाण्यात कृमी, १ मिलिलिटर ब्लीच, ०.५ मिलिलिटर ५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, दहा मिनिटांच्या आत काम उरकायचं आणि धुवायचं. इथल्या उन्हाळ्यात ब्लीचची बाटली बाहेर राहिली तर ते मंदावतं, मग माणसं वेळ वाढवतात आणि अंडीच जळतात. मायटोकॉन्ड्रियाच्या म्युटंटसाठी मात्र आमचा या पद्धतीलाच विरोध आहे. त्यांची अंडी मुळात कमी, आणि ब्लीचनंतर रात्रभर उपाशी ठेवलेल्या पिल्लांचा चयापचय उपासाने बदलतो. त्यापेक्षा वीस-तीस प्रौढ ताज्या प्लेटवर चार तास ठेवायचे, अंडी टाकून झाली की काढून टाकायचे. मेहनत जास्त, पण उपासाची भानगड राहत नाही.

क्लॉक-१ बाबत आणखी एक खाचखळगा. आई विषमयुग्मी (जनुकाची एकच प्रत बिघडलेली) असेल तर तिच्या पोटची समयुग्मी (दोन्ही प्रती बिघडलेली) पिल्लंही ठीकठाक वाढतात, कारण आईने अंड्यात भरलेला साठा त्यांना पुरतो. संकरातून नुकताच काढलेला स्ट्रेन (वाण) निदान एक पिढी पुढे नेल्याशिवाय तपासू नये.

स्ट्रेन मिनेसोटाच्या कृमी पुरवणाऱ्या केंद्रातून येवोत नाहीतर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या कृमींवर काम चालणाऱ्या शहरातल्याच जागेतून, वाटेतल्या उकाड्याचा हिशेब धरा. २५ अंशांच्या वर कृमींची प्रजननक्षमता घसरते. लोकलने आणायचे असतील तर प्लेटना पॅराफिल्म लावून, उलट्या ठेवून थर्माकोलच्या डब्यात भरायच्या. थंड पॅक वर्तमानपत्रात गुंडाळायचा, प्लेटला थेट टेकवायचा नाही. आल्यावर २० अंशांना दोन पिढ्या पोटभर खाऊ देऊन वाढवायचे, मगच चाचणी.

चाचणीचा दिवस. खोलीचं तापमान नोंदवा आणि एसी एकाच आकड्यावर ठेवा. दोन-तीन अंशांनी आखडण्याचा वेग बदलतो. अल्डिकार्बच्या प्लेट फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मधोमध ओपी-५० जिवाणूंचा १० मायक्रोलिटरचा ठिपका ठेवा म्हणजे कृमी कडेला पळत नाहीत. एका प्लेटवर २५ कृमी, प्रत्येक स्ट्रेनच्या तीन प्लेट. प्लेटवर फक्त आकडे, कुठला आकडा कुठल्या स्ट्रेनचा ते दुसऱ्याच माणसाने लिहून ठेवायचं. मायटोकॉन्ड्रियाचा म्युटंट अंगकाठीने लहान आणि फिकट असतो, त्यामुळे सवयीचा डोळा त्याला ओळखतोच. म्हणून मोजणारा शक्यतो त्या स्ट्रेनवर रोज काम न करणारा असावा.

प्लेट एकाच वेळी सुरू करू नका. एक प्लेट भरून तपासायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतराने पुढची. दर अर्ध्या तासाने प्लॅटिनमच्या तारेने डोक्याला हलकेच तीनदा स्पर्श करायचा. तिन्ही वेळा अंग हललं नाही तर आखडला. नाक किंचित थरथरलं तर काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. नियम कुठलाही ठरवा, पण चाचणीच्या आधी ठरवा. आम्ही थरथर मोजत नाही, वाकणं मोजतो. तारेचं टोक गोल वितळवून घ्या, धारदार टोकाने कातडी फाटली की कृमी औषधाने थांबला की जखमेने, हे सांगता येत नाही.

१ मिलिमोलरवर एन-२ साधारण दीड तासात निम्म्याहून अधिक आणि दोन तासांत बहुतेक सगळे आखडलेले दिसायला हवेत. शेजारी उशिरा आखडणारा अन्क-६४ आणि लवकर आखडणारा टॉम-१ हे म्युटंट ठेवाच. एन-२ धरून हे तिन्ही आपापल्या जागी आले नाहीत तर त्या दिवसाचे बाकीचे आकडे कितीही मोहक असोत, वापरायचे नाहीत.

समजा आयएसपी-१ उशिरा आखडला. स्राव कमी झाला? इतक्यात नाही. त्याची घशाची धडधड मंद असते, म्हणजे औषध आत जाण्याचा वेगही वेगळा असू शकतो. त्याच्या स्नायूंतले मायटोकॉन्ड्रियाही तितकेच बिघडलेले आहेत, तेव्हा स्नायूचं उत्तरच वेगळं असेल. इथे लेव्हामिसोल कामाला येतं, गुराढोरांच्या जंतांवरचं औषध. ते चेतापेशीला वगळून थेट स्नायूवरच्या अ‍ॅसिटिलकोलीन ग्राहकाला चेतवतं. ०.२ मिलिमोलरच्या प्लेटवर दर दहा मिनिटांनी बघायचं. अल्डिकार्बला उशीर पण लेव्हामिसोलला एन-२ इतकाच वेळ, तर बोट चेतापेशीकडे जातं. दोन्हींना उशीर, तर स्नायू किंवा औषध शिरण्याची वाट. अल्डिकार्बचा आलेख दाखवून लेव्हामिसोलचा न दाखवणारं काम मायटोकॉन्ड्रियाच्या बाबतीत आम्ही अर्धवटच समजतो.

याहून फसवी गोष्ट गाबाची. कृमीच्या स्नायूला अ‍ॅसिटिलकोलीन आवळायला सांगतं आणि गाबा सैल सोडायला. अंगाच्या स्नायूंना गाबा देणाऱ्या डी प्रकारच्या चेतापेशी १९ आहेत. गाबा कमी पडलं तर कृमी अल्डिकार्बवर लवकर आखडतो, कारण आवळण्याला आवर घालणारं कोणी नसतं. मायटोकॉन्ड्रिया तर दोन्हीकडे बिघडलेले. अ‍ॅसिटिलकोलीन घटलं म्हणून उशीर, गाबा घटलं म्हणून घाई, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन आलेख एन-२ वरच येऊन बसतो. ‘काहीच फरक नाही’ असा निकाल आला तर सगळ्यात जास्त संशय तेव्हा घ्यावा. यावर उपाय म्हणजे गाबा न बनवणाऱ्या अन्क-२५ मध्ये तोच म्युटंट आणायचा आणि दुहेरी म्युटंटची तुलना एकट्या अन्क-२५ शी करायची. गाबा दोघांतही नाही, मग उरलेला फरक अ‍ॅसिटिलकोलीनचा. अन्क-२५ ओळखायला सोपा आहे. डोक्याला स्पर्श केला की मागे सरकण्याऐवजी तो अंग आखडून घेतो, आणि म्हणूनच त्याला ‘आखडला’ म्हणून मोजायची चूकही सोपी. स्पर्शानंतर दोन सेकंद थांबून बघायचं.

पक्कं उत्तर मिळतं ते जनुक एकाच ऊतीत परत घालून. सगळ्या चेतापेशींसाठी रॅब-३ चा प्रमोटर (जनुक कुठल्या पेशीत चालू होईल हे ठरवणारा डीएनएचा तुकडा), फक्त अ‍ॅसिटिलकोलीन सोडणाऱ्या पेशींसाठी अन्क-१७ चा, स्नायूंसाठी मायो-३ चा. आरएनएआयने, म्हणजे आरएनए देऊन जनुक बंद पाडून, उलट दिशेने जायचं तर लक्षात ठेवा, चेतापेशी खाण्यातून दिलेल्या आरएनएला फारशी दाद देत नाहीत. त्यासाठी चेतापेशींत सिड-१, म्हणजे आरएनए पेशीत आत घेणारं प्रथिन, वाढवलेला स्ट्रेन लागतो.

आरएनएआयचा विषय निघाला की खाण्यावर यावं लागतं. आरएनएआयचे जिवाणू एचटी-११५, रोजचे ओपी-५०. हे दोन्ही कृमीच्या दृष्टीने सारखं जेवण नाही. जिवाणूंकडून मिळणारं बी-१२ जीवनसत्त्व आतड्यातलं मेथिओनिनचं चक्र फिरवतं, त्यात कोलीन खर्ची पडतं आणि अ‍ॅसिटिलकोलीनसाठी कमी उरतं, हे कृमीत दाखवलं गेलंय. क्लॉक-१ तर स्वतःचं युबिक्विनोन बनवू शकत नाही आणि जिवाणूचं युबिक्विनोन वापरून तगतो. ते न बनवणारे जिवाणू दिले तर त्याची वाढच खुंटते. मायटोकॉन्ड्रियाचा एक भाग असा थेट ताटातून येतो. त्यामुळे आरएनएआयचा निकाल ओपी-५० वर वाढलेल्या कृमीशी कधीच ताडायचा नाही, रिकामा वेक्टर (कुठलंही जनुक बंद न पाडणारा डीएनए) असलेल्या एचटी-११५ शीच ताडायचा.

सूक्ष्मदर्शकाखाली मायटोकॉन्ड्रिया बघताना होणारी एक चूक वारंवार दिसते. कृमी हलू नये म्हणून बहुतेक जण सवयीने १० मिलिमोलर सोडियम अझाइड टाकतात. अझाइड श्वसनसाखळीचं चौथं संकुल बंद करतं. जे बघायचं तेच आपल्या हाताने मारून मग त्याचा फोटो काढायचा, असा हा प्रकार. लेव्हामिसोलने स्थिर करणं त्याहून बरं, पण इथे अ‍ॅसिटिलकोलीनचाच प्रश्न असल्याने तेही नको. १० टक्के अ‍ॅगरोजची गादी आणि त्यावर ०.१ मायक्रॉनच्या पॉलिस्टायरीन मण्यांचा एक थेंब, एवढ्यावर कृमी घट्ट धरला जातो आणि नंतर सोडवून परत वाढवताही येतो. टीएमआरईसारखा मायटोकॉन्ड्रिया उजळवणारा रंग वापरलात तर आतडं इतकं चमकतं की शेजारचा अ‍ॅक्सॉन त्यात बुडतो. चेतापेशींसाठी जनुकातून दिलेली हिरवी खूणच हवी.

हीच अडचण ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचीही. अख्ख्या कृमीचा ऑक्सिजन म्हणजे मुख्यतः आतडं, स्नायू आणि अंडाशय. ३०२ चिमुकल्या चेतापेशींचा त्यातला वाटा उमटत नाही. म्युटंट खरंच म्युटंट आहे एवढी खात्री करायला तो आकडा घ्या, सिनॅप्सबद्दल बोलायला घेऊ नका.

आणि बाण उलटाही जातो. २०११ मध्ये दाखवलं गेलं, की फक्त चेतापेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाला धक्का दिला तरी दूरच्या आतड्यात मायटोकॉन्ड्रियाची ताण-प्रतिक्रिया जागी होते. पुढच्या कामात या निरोपासाठी सेरोटोनिन लागतं असं आढळलं. म्हणून चेतापेशींपुरता बिघाड केलेला स्ट्रेन अल्डिकार्बवर नेण्याआधी त्याचा एचएसपी-६ चा हिरवा रिपोर्टरही, म्हणजे ही ताण-प्रतिक्रिया जागी झाली की चमकणारी खूणही, बघून घ्यावा. आतडं हिरवं उजळलेलं असेल तर त्या कृमीचं खाणं, वाढ आणि औषध पचवण्याची ताकद आधीच बदललेली असू शकते, आणि लेव्हामिसोलच्या प्लेट त्या दिवशी तीनऐवजी सहा लावाव्या लागतात.